गाणे, गोंगाट आणि कान

इचलकरंजीचे नाव दोन निरनिराळ्या इतिहासांत येते. एक इतिहास संगीताचा. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांना या जहागिरीचा आश्रय होता. दुसरा इतिहास कापडाचा. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे यंत्रमाग सुरू केला. या दोन्ही गोष्टी श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळातल्या. पुढे मागांची संख्या वाढत गेली आणि शेजारच्या गावांतही धोटे धावू लागले. हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेले असेच एक गाव. अशा गावात घर आणि माग यांच्यामध्ये पुष्कळदा एका भिंतीचेच अंतर असते.

म्हणजे तानपुऱ्याचा आणि धोट्याचा, असे दोन आवाज या भागाच्या इतिहासात शेजारी शेजारी आहेत. आज गाणे खिशात मावते आणि थेट कानात वाजते. ते वाजवणारी यंत्रे शेकड्यांपासून लाखांपर्यंतच्या किमतीत मिळतात. त्यामुळे वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिक्षकांना विचारतात, की पैसे कशावर खर्च करावेत, गाणे वाजवणाऱ्या यंत्रावर की कानात घालायच्या इअरफोनवर? प्रश्न बाजारातला असला तरी त्याचे उत्तर इतिहासात आणि शालेय भौतिकशास्त्रात सापडते. ते शोधताना मागाचा गोंगाट विसरून चालणार नाही, असे आम्हाला वाटते.

साठवणाऱ्या यंत्राची कुळकथा

गाणे वाजवणारे यंत्र हे मुळात गाणे साठवणारे यंत्र आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आला आणि गौहरजान यांच्यासारख्या कलावंतांचे आवाज तबकडीवर घेऊ लागला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. घटकाभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवणे हे गवयाचे मोठेच कौशल्य होते. मिरजेला स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी ते साधले, म्हणूनच त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो.

पुढच्या शतकभर या यंत्राची झटापट एकाच अडचणीशी होती: थोड्या जागेत अधिक गाणे कसे मावेल? १९१४ साली डेक्का नावाचा, पेटीसारखा उचलून नेता येणारा ग्रामोफोन निघाला आणि पहिल्या महायुद्धात तो सैनिकांबरोबर खंदकांपर्यंत गेला. १९५४ साली ट्रान्झिस्टरचा पहिला खिशातला रेडिओ अमेरिकेत विक्रीला आला. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानमध्ये ३३,००० येनला विकला जाऊ लागला. चालता चालता, दुसऱ्या कोणाला ऐकू न जाता, आपल्या आवडीचे गाणे ऐकण्याची सवय जगाला खऱ्या अर्थाने लागली ती येथून.

१९८२ साली सीडी आली आणि गाणे आकड्यांत साठवले जाऊ लागले. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची मोजणी नोंदलेली असते. प्रत्येक मोजणी १६ बिटांची, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तीन मिनिटांच्या गाण्याला सुमारे ३२० लाख बाइट, म्हणजे जवळजवळ ३२ मेगाबाइट जागा लागते. गंमत अशी, की १९९८ साली कोरियात तयार झालेल्या एमपीमॅन या खिशातल्या यंत्राची साठवण नेमकी ३२ मेगाबाइट होती. सीडीचे आकडे जसेच्या तसे भरले असते तर त्यात तीन मिनिटांचे एकच गाणे मावले असते. इतकी खटपट करून आपण पुन्हा जुन्या तबकडीच्या एका बाजूपाशी येऊन थांबलो असतो!

मार्ग निघाला तो एमपी३ या पद्धतीमुळे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीच्या घडणीत मोठा वाटा उचलला. एखादा मोठा आवाज चालू असताना त्याच्या लगतच्या वारंवारतेचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मग तो नोंदण्यात जागा का घालवावी, हा त्यामागचा विचार. सेकंदाला १,२८,००० बिट वापरले तर त्याच ३२ मेगाबाइटमध्ये अकरा गाणी बसतात. २००१ साली आलेल्या अ‍ॅपलच्या आयपॉडमध्ये ५ गिगाबाइटची चकती होती आणि कंपनी हजार गाण्यांची हमी देत होती. पुढे साठवण इतकी स्वस्त झाली, की ही अडचणच उरली नाही. गाणे मोबाइलमध्ये आले आणि २०२२ साली आयपॉडचे उत्पादन थांबले.

साठवणीची अडचण संपल्यावर या घराण्याची एक शाखा ‘अधिक शुद्ध’ ध्वनीच्या मागे लागली. २०१२ साली अ‍ॅस्टेल अँड कर्नचा एके१०० बाजारात आला. २०१६ साली सोनीने सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पेटीतला, ४५५ ग्रॅम वजनाचा वॉकमन काढला. त्याची किंमत सुमारे ३,२०० डॉलर होती. अशी यंत्रे १६ ऐवजी २४ बिटांची मोजणी वाजवू शकतात.

कानात बसणाऱ्या यंत्राची कुळकथा

इअरफोनचे घराणे अगदी वेगळे आहे. त्याचा गाण्याशी संबंध उशिरा आला. तो जन्मला टेलिफोनच्या घरात आणि वाढला श्रवणयंत्राच्या घरात.

१८८९ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात नाणे टाकून फोनोग्राफ ऐकण्याची सोय सुरू झाली. त्या यंत्राला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या नळ्या होत्या, त्या कानात घालून ऐकावे लागे. कारण साधे होते. फोनोग्राफचा आवाज क्षीण, आणि भोवती माणसांची गजबज. दोनच वर्षांनी, १८९१ साली, फ्रान्सच्या एर्नेस्त मेर्कादिए यांना अमेरिकेत एका छोट्या टेलिफोन-ग्राहकाचे पेटंट मिळाले. त्याच्या कानात बसणाऱ्या टोकांवर रबराचे आवरण होते. कानाला ते टोचू नये हा एक हेतू, आणि बाहेरचा आवाज आत शिरू नये हा दुसरा. आजचा महागडा इअरफोन ज्या तत्त्वावर चालतो, त्यातले अर्धे तत्त्व येथेच सांगून झाले होते.

उरलेले अर्धे तत्त्व पडदा कसा हलवावा याविषयीचे. साध्या इअरफोनमध्ये चुंबकाजवळ तारेचे वेटोळे असते आणि ते पडद्याला चिकटवलेले असते. वेटोळ्यातून गाण्याची विद्युतधारा वाहिली की वेटोळे आणि पडदा एकत्र हलतात. लाउडस्पीकरचेच हे छोटे रूप. दुसऱ्या पद्धतीत वेटोळे स्थिर राहते. त्याच्यामधून लोखंडाची एक बारीक पट्टी जाते आणि तिचे टोक चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये समतोल उभे असते. धारा बदलली की पट्टी या किंवा त्या ध्रुवाकडे झुकते, आणि तिला जोडलेली काडी पडदा हलवते. याला संतुलित आर्मेचर म्हणतात. अमेरिकेच्या युटा प्रांतातील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास या तत्त्वावर हेडफोन बनवून आरमाराला दिले.

ही रचना फार लहान करता येते आणि थोड्या विजेवर चालते. म्हणून श्रवणयंत्र बनवणाऱ्यांनी ती उचलली. १९४६ साली ह्यू नोल्स यांनी शिकागोजवळ स्थापन केलेली कंपनी असे सूक्ष्म भाग बनवण्यात अग्रेसर ठरली. तेथे काम केलेल्या मीड किलियन यांनी १९८३ साली एटिमोटिक रिसर्च ही संस्था काढली. तिचा ईआर-४ हा इअरफोन १९९१ साली आला. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी घडवलेला भाग आता उत्तम ऐकू येणाऱ्यांच्या कानात गेला.

याच सुमारास रंगमंचावर वेगळीच अडचण होती. रॉक संगीताच्या कार्यक्रमात वादकांना स्वतःचे वाद्य ऐकू यावे म्हणून त्यांच्या पायाशी मोठमोठे स्पीकर ठेवत. त्यांचा आवाज इतर वाद्यांच्या वर काढावा लागे, मग इतरांचा त्याच्याही वर. या चढाओढीत वादकांचे कान जात. व्हॅन हेलन या वाद्यवृंदाचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे यांनी ढोलवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्याबरहुकूम इअरफोन बनवले आणि १९९५ साली त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी निघाली. ‘इन-इअर मॉनिटर’ हे नाव या रंगमंचावरून आलेले आहे. त्याचा पहिला हेतू गाणे गोड लागावे हा नव्हता. कान बंद करून गोंगाट बाहेर ठेवावा, म्हणजे आतला आवाज लहान ठेवूनही भागेल, हा होता.

मधल्या काळात वॉकमनबरोबर आलेले फोमचे हलके हेडफोन आणि आयपॉडबरोबर आलेली पांढरी बोंडे यांनी मात्र कान उघडाच ठेवला होता. साठवणारे यंत्र दर दशकात सुधारत होते, पण बहुसंख्य श्रोत्यांच्या कानापाशी १८९१ सालची युक्ती पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे गेली.

बंद कानात काय घडते?

आपली कर्णनलिका म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला कर्णपटलाने बंद झालेली नळी. एका टोकाला बंद असलेल्या नळीचा मूळ स्वर आपण वर्गात काढतो: ध्वनीचा वेग भागिले लांबीची चौपट. ३४० भागिले ०.१, म्हणजे ३,४०० हर्ट्झ. प्रत्यक्षात हा अनुनाद ३,००० हर्ट्झच्या आसपास असतो. या पट्ट्यातील आवाज उघडा कान आपोआप वाढवून घेतो, आणि आयुष्यभर तेच ऐकल्यामुळे आपल्याला ते स्वाभाविक वाटते. इअरफोनने नळीचे तोंड बंद केले की हा अनुनाद बदलतो. म्हणून चांगल्या इअरफोनला ही वाढ स्वतः घालून द्यावी लागते. चांगला आणि सुमार इअरफोन यांच्यातला पुष्कळसा फरक या जमवाजमवीत असतो. त्यात किती आर्मेचर बसवले आहेत, या संख्येत तो नसतो.

दुसरी गोष्ट खर्जाची. बंद कानात पडद्यापुढे हवेचे आकारमान दोन घनसेंटिमीटरहूनही कमी असते. इतक्या कोंडलेल्या हवेचा दाब बदलायला इवलासा पडदा पुरतो. पण टोपी सैल बसली आणि फट राहिली, की संथ कंपनांच्या वेळी हवेला निसटायला सवड मिळते आणि दाब तयार होत नाही. तबल्याचा डग्गा नाहीसा होतो, टिपेचे स्वर तेवढे उरतात. सिलिकोनची योग्य मापाची टोपी काही रुपयांना मिळते. ती नीट बसली नसेल तर लाखाचा इअरफोनही खर्जाला मुकतो.

दोघांची गाठ आणि ओहमचा नियम

आता दोन्ही घराणी एकत्र आणू. यंत्राला स्वतःचा थोडा रोध असतो आणि इअरफोनलाही असतो. दोन्ही एकसरीत जोडलेले असल्याने विभवांतर त्यांच्यात वाटले जाते. अनेक आर्मेचर असलेल्या इअरफोनचा रोध वारंवारतेप्रमाणे बदलतो. समजा तो खालच्या स्वरांना १० ओहम आणि वरच्या एखाद्या स्वराला ४० ओहम आहे. यंत्राचा रोध १ ओहम असेल तर इअरफोनला मिळणारा वाटा १०/११ आणि ४०/४१ असेल, म्हणजे ०.९१ आणि ०.९८. फरक नगण्य. यंत्राचा रोध २२ ओहम असेल तर हेच वाटे १०/३२ आणि ४०/६२, म्हणजे ०.३१ आणि ०.६५ होतात. वरच्या स्वराला खालच्याच्या दुप्पट विभवांतर मिळते, जवळजवळ ६ डेसिबलचा फरक पडतो. गाण्याचा तोल बिघडतो.

हे उदाहरण काल्पनिक वाटेल, पण २२ हा आकडा खरा आहे. वर उल्लेख केलेल्या एके१०० चा रोध २२ ओहम होता, आणि पुढच्या यंत्रांत कंपनीने तो बराच खाली आणला. म्हणजे किंमत जास्त म्हणून गाठ चांगली जमेल असे नाही. दहावीच्या विद्यार्थ्याला ओहमचा नियम येत असेल तर जाहिरातीतली विशेषणे बाजूला ठेवून तो दोन आकडे पाहू शकतो.

आणि २४ बिटांचे काय? १६ बिटांत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्यावर ९६ चढवले तर १२६ होतात, म्हणजे कानाला वेदना होऊ लागण्याच्या पातळीजवळ आपण पोहोचतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला जास्तीच्या बिटांचा उपयोग आहे. ऐकणाऱ्याच्या कानाची थाळी १९८२ सालीच भरली होती.

मागाशेजारचा हिशेब

आता पुन्हा कबनूरकडे वळू. वरचा हिशेब शांत खोलीचा होता. धोट्याचे माग चालू असलेल्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. आपण ९४ धरू. उघड्या बोंडांनी गाणे ऐकायचे तर ते निदान तेवढ्या पातळीवर न्यावे लागणार, म्हणजे समजा ९७ डेसिबल. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ऐकणे ही मर्यादा आहे, आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा. चार-सहा गाण्यांत दिवसाचा कोटा संपला. शिवाय मागाचा आवाज कानात जातच आहे, तो वेगळा.

नीट बसलेली टोपी २० ते ३० डेसिबल आवाज अडवते. २५ धरले तर ९४ चे ६९ उरतात आणि गाणे ७५ वर सुखाने ऐकता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा यंत्रांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. मुलांसाठी ती ७५ आहे. आपण तिच्या आत राहिलो. हा २२ डेसिबलचा फायदा यंत्राची किंमत वाढवून मिळत नाही, तो केवळ फट बुजवल्याने मिळतो. विजेच्या साहाय्याने गोंगाट शमवणारे हेडफोनही निघाले आहेत, पण ते विमानाच्या घरघरीसारख्या संथ, एकसारख्या आवाजावर अधिक प्रभावी ठरतात. धोट्याच्या अचानक ठोक्याला फट बुजवण्याचाच उपाय भरवशाचा.

येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. माग चालवणाऱ्याने गाणे ऐकत काम करावे, असे आम्ही सुचवत नाही. त्याच्या कानाला हवे ते गोंगाट अडवणारे साधे बोळे. बंद कानाने रस्त्यावर चालणे किंवा सायकल चालवणेही धोक्याचे. आणि कान बंद करूनही आवाज चढाच ठेवला, तर इन-इअर मॉनिटर हे कान वाचवण्याऐवजी कान घालवण्याचे साधन होते.

कर्णावर्तातील केसपेशी जन्मतः प्रत्येक कानात १५ ते १६ हजार असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने होणारे नुकसान बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. बोलण्यातली ‘स’, ‘श’, ‘त’ ही व्यंजने ओळखायला या वरच्या पट्ट्याची मोठी मदत होते. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत. वर्गातला एखादा मुलगा वारंवार ‘काय?’ असे विचारत असेल तर त्याच्या लक्षाबद्दल शंका घेण्यापूर्वी त्याचे घर कोठे आहे, आणि घराशेजारी काय चालते, हे शिक्षकाने पाहावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

दोन प्रयोग बिनखर्चाचे आहेत. पहिला: विद्यार्थ्यांनी दोन्ही कान बोटांनी बंद करून हळू गुणगुणावे. आवाज एकदम मोठा आणि खर्जाचा वाटतो. हाडांतून कर्णनलिकेत आलेला ध्वनी उघड्या तोंडातून निसटत होता, तो आता कोंडला गेला. दुसरा: एकच गाणे, एकच यंत्र, एकच इअरफोन घ्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने टोप्या स्वच्छ पुसून मगच कानात घालाव्यात. आधी पंखा चालू असलेल्या खोलीत टोपी सैल ठेवून गाणे स्पष्ट ऐकू येईल एवढा आवाज लावावा आणि यंत्रावरचा आकडा लिहून ठेवावा. मग टोपी नीट बसवून पुन्हा आवाज कमी करत आणावा आणि आकडा लिहावा. वर्गाच्या सर्व नोंदी फळ्यावर मांडल्या की फट बुजवण्याची किंमत विद्यार्थ्यांना स्वतःच्या आकड्यांत दिसेल.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांनाच देता येईल. पैसे आधी मापाच्या टोपीवर, मग चांगल्या जमवलेल्या इअरफोनवर खर्च करावेत. कमी रोधाच्या साध्या यंत्राने काम भागते. सर्वांत महागडी वस्तू मात्र कोणत्याच दुकानात मिळत नाही. ती आपल्याला जन्मतः दोन नग मिळालेली आहे आणि तिचे सुटे भाग मिळत नाहीत.